न पुसता येणारी खूण

परसातल्या टोमॅटोच्या रोपाकडे एकदा नीट पाहा. त्यावर एकाच वेळी लहानमोठी फळे लागलेली असतात. त्यांतले पूर्ण वाढलेले, पण अजून हिरवे असलेले एक फळ तोडा आणि खिडकीत ठेवून द्या. काही दिवसांत ते आपोआप लाल होते. आता त्याच रोपावरचे गोटीएवढे कोवळे फळ तोडून त्याच्या शेजारी ठेवा. ते लाल होत नाही. ते सुरकुतते आणि शेवटी टाकून द्यावे लागते. ज्या घरांत आंब्याची अढी लावतात तेथे असलाच अनुभव सर्वांच्या परिचयाचा असतो. अढी लावताना आजी प्रत्येक आंबा हातात घेऊन पाहते आणि कोवळी कैरी बाजूला काढते. "ही पिकायची नाही, नुसती चिरमटेल," असे ती म्हणते आणि तिचे बहुधा बरोबर असते.

पिकण्याच्या क्रियेला एथिलीन नावाचा वायू चालना देतो, हे तुम्ही वाचले असेल. पिकू लागलेले फळ हा वायू स्वतःच तयार करते, म्हणून अढीतला एक आंबा पिकू लागला की शेजारचेही पिकू लागतात. मग कोवळ्या टोमॅटोला बाहेरून एथिलीन दिले तर? तेही करून पाहिलेले आहे. अगदी कोवळा टोमॅटो एथिलीनला दाद देत नाही. वास्तविक लाल रंग तयार करणारी, गर मऊ करणारी, वास निर्माण करणारी सर्व जनुके त्याच्या प्रत्येक पेशीत आहेत. पिकलेल्या फळात असतात तीच. 'पिका' हा संदेशही येऊन पोचला आहे. तरी जनुके गप्पच! जणू कोणी त्यांच्यावर 'अजून नाही' अशी खूण करून ठेवली आहे.

यातला 'जणू' हा शब्द आता काढून टाकायला हरकत नाही. अशी खूण खरोखरच असते. ती रासायनिक आहे, तिचे रेणूतील नेमके स्थान ठाऊक आहे, आणि योग्य वेळ आली की ती तेथून काढावी लागते. अडचण एकच. ही खूण पुसता येत नाही. मग पेशी काय करते?

एक कार्बन, तीन हायड्रोजन

डीएनएचा रेणू म्हणजे दोन धाग्यांची पीळ दिलेली शिडी, हे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक धाग्याचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा असतो आणि प्रत्येक साखरेला एकेक नत्रयुक्त रेणू जोडलेला असतो. हे रेणू चारच प्रकारचे : ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. आपण त्यांना अक्षरे म्हणू. एका धाग्यावर ॲडेनीन असेल तर समोर थायमीन येते, आणि ग्वानीनसमोर सायटोसीन. टोमॅटोच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत अशी सुमारे ९० कोटी अक्षरे असतात, माणसाच्या सुमारे ३०० कोटी.

यांपैकी सायटोसीनकडे आपण लक्ष देऊ. हा सहा अणूंच्या कड्याचा रेणू आहे. रसायनशास्त्रज्ञ कड्यातील अणूंना क्रमांक देतात. पाचव्या क्रमांकावर कार्बनचा अणू आहे आणि त्याला एरवी हायड्रोजनचा एक अणू चिकटलेला असतो. त्या हायड्रोजनच्या जागी मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन, बसवला की झाली आपली खूण. १९४८ साली रॉलिन हॉचकिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला वासराच्या थायमस ग्रंथीतल्या डीएनएचे घटक कागदी क्रोमॅटोग्राफीने वेगळे करताना सायटोसीनसारखाच, पण सायटोसीन नसलेला एक पदार्थ अल्प प्रमाणात आढळला. तो मेथिल-सायटोसीन होता. त्याचा उपयोग काय, हे पुढची पंचवीस वर्षे कोणाला नीट उमगले नाही. १९७५ साली अमेरिकेत आर्थर रिग्ज यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी असे सुचवले की, हा मेथिल गट जनुकांच्या बटणासारखा असावा.

बटण हा शब्द मला फारसा आवडत नाही. त्यापेक्षा जुन्या छापखान्यातले दृश्य डोळ्यांसमोर आणा. शिशाचे खिळे एकापुढे एक जुळवून मजकूर तयार केलेला आहे. प्रत्येक खिळ्यावर एक अक्षर. आता काही खिळ्यांच्या अंगाला कोणी धातूचा बारीकसा थेंब डाख देऊन चिकटवला. अक्षर तेच राहिले, मजकूरही तोच. सायटोसीनवर मेथिल गट असला तरी समोर ग्वानीनच बसते. परंतु डीएनएच्या खाचेत हा थेंब पुढे आलेला असतो. जनुकाचे वाचन सुरू करणारी प्रथिने जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर येऊन बसतात. तेथे असे थेंब दाटीने असतील तर त्यांतल्या अनेक प्रथिनांना नीट बसता येत नाही. उलट थेंब ओळखणारी दुसरी प्रथिने तेथे जमतात आणि तो भाग आवळून बंद करतात. जनुक वाचले जात नाही. (जनुकाच्या मधल्या भागातल्या खुणांचा अर्थ वेगळा असू शकतो. म्हणून 'खूण म्हणजे जनुक बंद' असे सूत्र पाठ करू नका.)

टोमॅटोच्या बाबतीत ही खूण खरोखर पिकणे रोखते का, हे २०१३ साली अमेरिकेत तपासले गेले. ५-अझासायटिडीन नावाचे एक औषध आहे. ते नव्या डीएनएमध्ये सायटोसीनची जागा घेते आणि खूण लावणाऱ्या विकराला तेथेच जखडून ठेवते, त्यामुळे खुणा लावण्याचे काम खोळंबते. संशोधकांनी हे औषध हिरव्या, अजून पिकायला अवकाश असलेल्या टोमॅटोंत सुईने टोचले. टोमॅटो वेळेआधीच पिकू लागले! म्हणजे 'अजून नाही' हे सांगण्यात या खुणांचा वाटा होता. पण शेतातल्या टोमॅटोला कोणी सुई टोचत नाही. तेथे खुणा कोण काढते?

विसरणे आणि उचकटणे

खूण नाहीशी होण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग अगदी आळशी माणसाचा, पण उत्तम चालणारा. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत निघते. दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा तयार होतो. नव्या धाग्यावरची सायटोसीन अक्षरे कोरी असतात. एक विकर या प्रतीच्या मागोमाग फिरत असते. जुन्या धाग्यावर खूण दिसली की समोरच्या नव्या धाग्यावरही ते खूण लावते. म्हणूनच खुणांची नक्कल पिढ्यानपिढ्या पेशींतून पुढे जाते. आता समजा, हे विकर एखाद्या जागी फिरकलेच नाही. पहिल्या विभाजनानंतर निम्म्या धाग्यांवर खूण राहील, दुसऱ्यानंतर पाव. पाच विभाजनांनंतर ३२ धाग्यांमागे एका धाग्यावर, दहा विभाजनांनंतर १०२४ मागे एकावर. कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढून पाहा, लगेच पटेल. खूण कोणी काढली नाही. ती केवळ विरळ होत गेली.

टोमॅटोला हा मार्ग पुरेसा आहे का? फूल गळल्यानंतर पहिल्या एकदोन आठवड्यांत फळातील बहुतेक पेशींचे विभाजन संपते. पुढे फळ वाढते ते मुख्यतः पेशी फुगून. तेव्हा विभाजन नाही म्हणजे विरळ होणे नाही, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण थांबा. टोमॅटोच्या या फुगणाऱ्या पेशी विभाजन न करताही डीएनएच्या प्रती काढत राहतात. आपल्या डोळ्यांसमोरच्या भाजीतही असे चकवे असतात! त्यामुळे नुसत्या तर्काने येथे निकाल लागत नाही.

निकाल लागतो तो दुसऱ्या एका ठिकाणी, उंदराच्या गर्भात. शुक्रपेशीतील डीएनएवर खुणांची गर्दी असते. शुक्रपेशी अंडपेशीत शिरल्यावर काही तास पित्याकडून आलेले केंद्रक आणि मातेचे केंद्रक शेजारी शेजारी पण वेगळी असतात. २००० साली जर्मनीतील संशोधकांनी मेथिल-सायटोसीनला चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरून या दोन केंद्रकांना चमकणारा रंग दिला. मातेचे केंद्रक चमकत राहिले. पित्याचे मात्र काही तासांतच काळवंडले, आणि तेही पेशीचे पहिले विभाजन होण्यापूर्वी. एका पेशीच्या आत, एकाच द्रवात, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन जनुकसंचांपैकी एकाच्या खुणा नाहीशा होतात आणि दुसऱ्याच्या राहतात! हे केवळ विसरण्याने होण्यासारखे नव्हते. कोणीतरी खुणा उचकटून काढत होते.

पण कोण? येथे रसायनशास्त्र आडवे येते. मेथिल गट सायटोसीनला कार्बन-कार्बन बंधाने जोडलेला आहे. मेणबत्तीतले मेण किंवा रॉकेल वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिले तरी बदलत नाही, त्याचे एक कारण हे की त्यांच्या रेणूंतले कार्बन एकमेकांना असल्याच बंधांनी घट्ट धरून असतात. मेथिल गट नायट्रोजनला जोडलेला असता तर गोष्ट सोपी होती. तसा गट सोडवणारी विकरे जीवाणूंपासून माणसापर्यंत आढळतात. कार्बनवरचा मेथिल गट मात्र एका झटक्यात उपटणे पेशीच्या सौम्य, कोमट, पाणीदार वातावरणात फार अवघड. १९९९ साली एका प्रथिनाला हे थेट साधते असा दावा झाला होता आणि त्याने खळबळही माजली. पण इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळेना, आणि दावा मागे पडला. खोडरबराचा शोध असा फसल्यावर उत्तर आले ते अनपेक्षित दिशेने, एका रानटी रोपट्याकडून.

न उजळणारी रोपे

अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले एक क्षुल्लक तण. ते खाण्याच्या कामाचे नाही, पण टिचभर जागेत वाढते आणि दीड-दोन महिन्यांत बी धरते, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांचे ते लाडके. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू यांच्या गटाने या रोपात काजव्याचे प्रकाश देणारे जनुक घातले होते. ते अशा रीतीने जोडले होते की, थंडी किंवा मिठाचा ताण पडला की रोपाने उजळावे. मग बियांच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडवून हजारो रोपे वाढवली आणि अंधारात कॅमेऱ्याखाली ठेवून त्यांना थंडी दिली. बहुतेक उजळली. काही थोडी रोपे मात्र काळोखीच राहिली.

या काळोख्या रोपांत काजव्याचे जनुक शाबूत होते. फक्त त्याच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल खुणांचा थर जमला होता. आणि तसाच थर रोपाच्या स्वतःच्या ताणाशी संबंधित जनुकावरही! म्हणजे जे जनुक या रोपांत बिघडले होते, त्याचे नेहमीचे काम खुणा साफ ठेवण्याचे असले पाहिजे. २००२ साली या जनुकाची ओळख पटली. त्याला 'रॉस-१' असे नाव मिळाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्याचे एक भावंड सापडले. त्याला ग्रीकांच्या सुगीच्या देवतेवरून 'डीमीटर' असे नाव देण्यात आले. बीजांडात एक मध्यपेशी असते. तिच्यापासून पुढे बियाचा पोषक गर, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. मातेकडून आलेले डीमीटर बिघडलेले असेल तर बी भरत नाही, मरते. पित्याकडून चांगले जनुक आले तरी उपयोग नाही. तेव्हा नाव शोभते.

या विकरांची घडण पाहिल्यावर सर्वांना आश्चर्य वाटले. ती खोडरबरे नव्हतीच. ती डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या एका अतिप्राचीन विकर-कुळातली होती. ऑक्सिजन, किरणोत्सर्ग अशा कारणांनी डीएनएमधले एखादे अक्षर खराब होते तेव्हा या कुळातली विकरे ते अक्षर कापून बाहेर टाकतात. वनस्पतींनी हेच हत्यार मेथिल-सायटोसीन कापण्यासाठी वापरले आहे. खिळ्यावरचा थेंब निघत नाही ना? मग चिमट्याने खिळाच उचला आणि त्या जागी नवा, कोरा खिळा बसवा!

२००६ साली परीक्षानळीत हे काम प्रत्यक्ष दाखवले गेले. प्रथम विकर मेथिल-सायटोसीन आणि साखर यांच्यामधला बंध तोडते. अक्षर गळून पडते आणि साखर रिकामी राहते. मग तेच विकर त्या रिकाम्या साखरेपाशी धागा तोडते. तुटलेली टोके ओबडधोबड असतात. दुसरी विकरे ती साफ करतात. नंतर प्रत काढणारे विकर समोरच्या धाग्यावरचे ग्वानीन पाहून येथे साधे सायटोसीन बसवते, आणि शेवटी सांधणारे विकर धागा जोडून टाकते. मजकुरातले एकही अक्षर बदललेले नाही. थेंब मात्र गेला.

यातला धोका लक्षात घ्या. खूण ज्या ठिकाणी बहुधा असते तेथे सायटोसीनच्या पुढे ग्वानीन असते. म्हणजे समोरच्या धाग्यावरही, उलट्या दिशेने वाचले तर, सायटोसीन आणि ग्वानीनच. तेव्हा खुणा दोन्ही धाग्यांवर, जवळजवळ समोरासमोर असतात. दोन्ही एकाच वेळी कापल्या तर काय होईल? शिडीचे दोन्ही खांब एकाच जागी तुटतील आणि डीएनएचे दोन तुकडे होतील. पेशीच्या दृष्टीने याहून वाईट अपघात थोडेच असतील. प्राण्यांच्या विकरांवर परीक्षानळीत जे प्रयोग झाले त्यांत असे दिसले की, आधी एका धाग्याचे काम पुरे होते आणि मगच दुसऱ्याला हात लागतो. गवंडी एक खांब टेकू देऊन पक्का करतो आणि मग दुसऱ्याला हात घालतो, तसेच हे.

आणि इतक्या धारदार हत्याराला लगाम कोणाचा? याचेही उत्तर रॉस-१ मध्येच सापडले. त्याच्या स्वतःच्या जनुकाच्या सुरुवातीला एक लहानसा पट्टा आहे. त्यावर खुणा वाढल्या की जनुक बंद पडण्याऐवजी अधिक जोराने चालते, नेहमीच्या अगदी उलट. रोपात सर्वत्र खुणा वाढू लागल्या की या पट्ट्यावरही वाढतात, रॉस-१ जास्त तयार होते आणि खुणा कापू लागते. कापता कापता ते आपल्याच पट्ट्यावरच्या खुणाही काढते, आणि मग त्याचे उत्पादन घटते. विजेच्या इस्त्रीत उष्णता ठरावीक मर्यादेत ठेवणारी पट्टी असते ना, तशीच ही युक्ती.

पुन्हा टोमॅटोकडे

टोमॅटोत या कुळातली चार विकरे आहेत. त्यांपैकी 'डीएमएल-२' हे पिकण्याच्या सुमारास वाढते. २०१५ साली युरोपातील संशोधकांनी टोमॅटोच्या रोपात या कुळाचे काम दाबून टाकले. फळे मोठी झाली, पण पिकायला फार उशीर झाला. काही तर धड पिकलीच नाहीत. तांबडा रंग तयार करण्याच्या साखळीतले पहिले महत्त्वाचे जनुक आणि पिकण्याचा एकंदर कारभार पाहणारी जनुके यांच्या सुरुवातीला खुणा तशाच चिकटून राहिल्या होत्या. २०१७ साली चीनमध्ये नेमके डीएमएल-२ हेच एक जनुक कापून निकामी करण्यात आले, तेव्हाही तेच घडले. मघाशी तर्काने जो निकाल लागत नव्हता तो असा प्रयोगाने लागला. टोमॅटोत खुणा नुसत्या विरळ होत नाहीत, त्या कापल्या जातात. खिडकीत ठेवलेले तुमचे फळ लाल होण्यापूर्वी त्याच्या पेशी आपल्याच डीएनएला ठिकठिकाणी चिरा पाडून पुन्हा सांधत होत्या!

याचा एक धागा थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या टोमॅटोला चव राहत नाही, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकलेले टोमॅटो ५ अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवले, मग एक दिवस बाहेर ठेवून चाखायला दिले. लोकांना ते बेचव लागले. त्यांतली साखर आणि आम्ले फारशी बदलली नव्हती. कमी झाले होते ते उडून जाणारे सुवासिक पदार्थ, आणि ते बनवणाऱ्या अनेक जनुकांचे काम. थंडीत डीएमएल-२ मंदावले होते आणि त्या काळात काही जनुकांच्या सुरुवातीला मेथिल खुणा वाढल्या होत्या. फळ बाहेर काढल्यावर खुणांचे प्रमाण बरेचसे पूर्ववत झाले, वास मात्र पुरता परतला नाही.

हा प्रयोग तुम्हाला घरी थोड्या प्रमाणात करता येईल. एकाच जातीचे, चांगले पिकलेले पण टणक असे तीन टोमॅटो आणून फ्रिजमध्ये ठेवा. सहा दिवसांनी ते बाहेर काढा आणि एक दिवस तसेच राहू द्या. त्या दिवशी त्याच भाजीवाल्याकडून त्याच जातीचे तीन ताजे टोमॅटो आणा. घरातल्या माणसांचे डोळे बांधून एकेकाची फोड हुंगायला आणि चाखायला द्या, आणि कोणती ताजी ते विचारा. उत्तरे वहीत लिहा. एवढे मात्र ध्यानात ठेवा की, यात तुम्ही वास तपासता आहात, मेथिल खुणा नव्हे. त्यांच्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

आणि या उदाहरणावरून 'फळ पिकते म्हणजे खुणा जातात' असा नियम बांधू नका. संत्र्यात पिकताना खुणा एकंदरीत वाढतात, असे २०१९ साली आढळले. नागपूरकरांनी याची नोंद घ्यावी!

प्राण्यांची लांबची वाट

आता उंदराच्या त्या काळवंडलेल्या केंद्रकाकडे वळू. वनस्पतींतला उलगडा झाल्यावर सर्वांनी साहजिकच प्राण्यांत डीमीटरसारखे विकर शोधले. ते मिळाले नाही. मेथिल-सायटोसीन सरळ कापून काढणारे असे हत्यार आपल्याकडे नाही. धागा सापडला तो आफ्रिकेत निद्रारोग पसरवणाऱ्या एका एकपेशीय परजीवीत!

त्सेत्से माशीच्या चावण्यातून माणसाच्या रक्तात शिरणाऱ्या या ट्रिपॅनोसोमाच्या डीएनएमध्ये १९९३ साली डच संशोधकांना एक विचित्र अक्षर मिळाले होते. ते थायमीनपासून बनते. थायमीनच्या कड्यावर पाचव्या कार्बनवर जन्मतःच एक मेथिल गट असतो, आपल्या खुणेसारखाच आणि त्याच जागी. परजीवीची विकरे त्या मेथिल गटाला ऑक्सिजन जोडतात आणि वर साखरेचा एक रेणू चढवतात. अमेरिकेत बॉस्टन येथे काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या अंजना राव आणि त्यांचे सहकारी यांनी विचार केला : थायमीनवरच्या मेथिल गटाला ऑक्सिजन जोडता येत असेल, तर सायटोसीनवरच्या का नाही? त्यांच्यासोबत काम करणारे एल. अरविंद यांच्या गटाने संगणकावर प्रथिनांच्या याद्या चाळून या विकरांची नातलग प्रथिने शोधली. माणसात तशी तीन निघाली. त्यांतल्या पहिल्याचे नाव वैद्यांना आधीच ठाऊक होते. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात १० व्या आणि ११ व्या रंगसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटतात, तेथे ते सापडले होते. म्हणून या तिघांना 'टेट' विकरे म्हणतात. 'टेन-इलेव्हन ट्रान्सलोकेशन'ची ती आद्याक्षरे.

२००९ साली राव यांच्या गटाने दाखवले की टेट-१ मेथिल-सायटोसीनला ऑक्सिजन जोडते. दहावीच्या रसायनशास्त्राची आठवण येथे उपयोगी पडेल. मेथिल गटाचे प्रथम अल्कोहोल होते. आणखी ऑक्सिडीकरण झाले की अल्डिहाइड, आणि आणखी झाले की कार्बोक्झिलिक आम्ल. शाळेत तुम्ही जी पायरीपायरीची साखळी शिकता, तीच येथे एका अक्षराच्या पाठीवर चालते. २०११ साली पुढच्या दोन पायऱ्याही सापडल्या, आणि कोडे सुटले. मेथिल गट असलेले अक्षर आपल्या दुरुस्ती विकरांना नेहमीचेच वाटते. अल्डिहाइड किंवा आम्ल झालेले अक्षर मात्र त्यांच्यातल्या 'टीडीजी' या विकराला बिघडलेले वाटते. ते अक्षर कापून टाकते, आणि पुढे तीच कहाणी : रिकामी साखर, टोके साफ करणे, कोरे सायटोसीन, सांधा. पित्याच्या केंद्रकात ही सुरुवात करणारे विकर टेट-३ आहे, हेही २०११ सालीच कळले.

म्हणजे वनस्पती खिळा थेट उचलतात. आपण आधी खिळा खराब करतो आणि मग 'खराब झाला' म्हणून उचलतो! याशिवाय अर्ध्या वाटेवरचा तिसरा मार्गही आहे. अल्कोहोल झालेल्या खुणेची नक्कल करणे प्रतीमागून फिरणाऱ्या विकराला नीट जमत नाही. त्यामुळे पुढच्या विभाजनांत ती आपोआप विरळ होत जाते. पटापट विभाजन करणाऱ्या गर्भाला हा मार्ग सोयीचा पडतो. त्यात कापाकापी नाही.

टेट विकरांना कामासाठी लोहाचा अणू लागतो, आणि 'क' जीवनसत्त्वाने त्यांचे काम वाढते. रक्ताच्या काही कर्करोगांत टेट-२ चे जनुक बिघडलेले असते, हे २००९ पासून माहीत आहे. खुणा वेळेवर निघाल्या नाहीत तर रक्ताच्या मूळ पेशी प्रौढ होण्याचे आपले काम सोडून नुसत्या वाढत राहतात. पिकण्याचे विसरलेल्या टोमॅटोची आठवण व्हावी, असे हे आहे. परंतु टोमॅटो फार तर हिरवा राहतो.

२००९ च्याच त्या महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये दोन शास्त्रज्ञ खुणा पुसण्याचा विचारही करत नव्हते. ते उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींचे डीएनए मोजत होते. त्यांना सायटोसीन आणि मेथिल-सायटोसीन यांच्या जोडीला एक अनोळखी पदार्थ दिसला. हॉचकिस यांना साठ वर्षांपूर्वी दिसला होता, तसाच. तो अल्कोहोल झालेले मेथिल-सायटोसीन, म्हणजे टेटची पहिली पायरी, निघाला. लहान मेंदूतल्या मोठमोठ्या पुर्किंजे पेशींत तो विशेष जास्त होता. या पेशी जन्मभर विभाजन करत नाहीत. त्यामुळे ही अर्धवट खूण तेथे विरळ होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोणी ती कापायलाही येत नाही. ती तेथे टिकून राहते, आणि चेतापेशीतील जी जनुके सुरू असतात त्यांच्या अंगावर ती अधिक आढळते.